विमा उतरवलेला थोरला

मी एक जुना टेम्पो आहे, आणि सध्या माझ्या पोटात कोंबड्या राहतात. मित्रांनो, तुम्ही रोज शाळा सुटली की या लाकडाच्या वखारीमागे येता, माझ्या स्टिअरिंगला लोंबकळता, तोंडाने ‘पों पों’ करता आणि मला कुठल्या कुठे घेऊन जाता. ते मला आवडतं असं मी म्हणणार नाही. पण तुमच्याशिवाय इकडे कुणी फिरकत नाही, म्हणून माझी हकिगत तुम्हालाच सांगतो. कोंबड्यांना सांगून पाहिली, त्या ऐकत नाहीत.

माझा सांगाडा एका मोठ्या कारखान्यात तयार झाला. तिथे कुणाला कुणाचं कौतुक नव्हतं. एकामागून एक आम्ही बाहेर पडत होतो, सगळे सारखे, सगळे उघडेबोडके. बाळसं मला चढलं ते बॉडी बांधणाऱ्याच्या शेडमध्ये. तिथे माझा मालक दिवस दिवस उभा राहायचा आणि त्या बिचाऱ्या वेल्डरचं डोकं खायचा. दोर बांधायच्या कड्या अमुक उंचीवर हव्यात, फळ्यांच्या सांध्यात बोट जाता कामा नये, मागचं फळकूट एका माणसाला एका हाताने उघडता यायला हवं. वेल्डर म्हणाला, “गाडी बांधून घेताय की राजवाडा?” मालक म्हणाला, “मी दुसऱ्याच्या गाडीवर पंधरा वर्षं ओझी उचलली. गाडी कुठे बोचते ते मला विचार.”

मालकाचा धंदा घरं हलवण्याचा. लोक एक घर सोडून दुसऱ्या घरात जातात, त्यांचं सामान आम्ही न्यायचो. मी आलो त्याच्या पुढच्याच वर्षी त्याला मुलगी झाली. दवाखान्यातून तिला घरी आणलं ते माझ्याच केबिनमधून. दारात उतरल्यावर शेजारणीने विचारलं, “पहिलीच ना?” मालक म्हणाला, “छे, ही धाकटी. थोरला हा काय, उभा आहे.” सगळे हसले. मालकिणीला मात्र ते फारसं रुचलं नाही. टेम्पोशी भावंडाचं नातं जोडलेलं कुठल्या आईला रुचेल? पण नाव चिकटलं ते चिकटलंच. मालकाने माझ्या कपाळावर ‘थोरला’ असं रंगवून घेतलं, आणि पुढे अडीअडचणीचं काहीही निघालं की त्या घरात एकच उत्तर ठरलेलं असायचं: थोरला आहे ना, तो बघेल.

मित्रांनो, मी बघणार म्हणजे काय बघणार होतो? मला समोर दोन दिवे आहेत, तेही बटण दाबल्याशिवाय लागत नाहीत. पण हे त्या घरात कुणी मनावर घेतलं नाही. मीही नाही, कारण कौतुक कुणाला कडू लागतं?

कामाचे दिवस चांगले होते, ते नाकारणार नाही. मालकासारखं सामान लावणारा मी दुसरा पाहिला नाही. जड वस्तू केबिनच्या पाठीला, कपाटांची तोंडं आत, मधल्या फटीत गाद्या. आरसा कधी आडवा ठेवायचा नाही, उभाच न्यायचा, ब्लँकेटात गुंडाळून. स्वयंपाकघराचं खोकं सगळ्यात शेवटी चढवायचं, म्हणजे नव्या घरी ते सगळ्यात आधी उतरतं आणि बाईमाणसाला चहासाठी ताटकळत बसावं लागत नाही. मालकीण घरी बसून जुन्या ब्लँकेटांच्या खोळी शिवायची, टेबलांच्या पायांना, कपाटांच्या कोपऱ्यांना. आमच्याकडून गेलेल्या फर्निचरला ओरखडा आला नाही म्हणून लोक मुद्दाम थांबून आमची वाट बघायचे.

धाकटी दहा-अकरा वर्षांची झाली तशी सुट्टीत आमच्याबरोबर येऊ लागली. तिच्याकडे एक काम आपसूक आलं. आदल्या दिवशी नव्या घरी जायचं, दाराची रुंदी आणि जिन्याचं वळण टेपने मोजायचं, आणि माझ्या आतल्या बाजूच्या पत्र्यावर खडूने नकाशा काढायचा. कुठलं कपाट कुठे उभं राहील, पलंग कुठल्या बाजूने चढेल, सगळं चौकोन काढून. पुढे केबिनचे दोन चौकोन असायचे. एकात लिहायची ‘बाबा’, दुसऱ्यात ‘मी’. हमाल आधी हसले. मग एकदा तिने सांगूनही न ऐकता त्यांनी सोफा जिन्यात घातला आणि तो वळणावर असा अडकला की वरचे भाडेकरू अर्धा दिवस वरच. त्यानंतर खडूच्या नकाशाशिवाय कुणी दोराला हात लावला नाही. तिला पुढे घरांचे नकाशे काढायचं शिकायचं होतं. मालक सांगायचा, “हिच्या शिक्षणाची चिंता नाही. थोरला आहे ना.”

आता वाकड्याची ओळख करून देतो. हा मालकाचा जुना जोडीदार. दोघांनी तरुणपणी एकत्र ओझी उचलली. एकदा जिन्यात लोखंडी कपाट याच्या अंगावर आलं आणि पाठ कायमची वाकली. तेव्हापासून तो विम्याचं काम करायचा. वाहनांचा, घरांचा, माणसांचा, सगळ्यांचा विमा उतरवायचा. मालक त्याला चिडवायचा, “वाकड्या, आतातरी सरळ धंदा धर.” वाकड्या म्हणायचा, “सरळ धंद्यानेच वाकलोय बाबा.”

माझा विमा वाकड्याच उतरवायचा. वर्षाला एकदा, मुदत संपायच्या आधी. त्यात कधी एका दिवसाची हयगय झाली नाही, कारण विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढली तर दंड. आग, चोरी, पूर, दंगल, अपघात, सगळ्यांपासून मला संरक्षण होतं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून केबिनच्या खणात ठेवलेला असायचा. एवढंच नाही. गिऱ्हाईक काचेचं कपाट किंवा मोठा टीव्ही न्यायला सांगायचं, तेव्हा मालक त्यालाही बजावायचा, “वाटेपुरता विमा घ्या सामानाचा. मी जपून नेतो, पण रस्ता माझ्या बापाचा नाही.” लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

वाकड्या दर एक-दोन महिन्यांनी यायचा. यायचा चहाला, पण ताकाला जाऊन भांडं लपवणारा तो नव्हता. पहिल्या घोटालाच विषय काढायचा. “चाळिशी उलटून किती वर्षं झाली तुला? वहिनी आहेत, पोरगी आहे. स्वतःचा उतरव.” मालकाची उत्तरं ठरलेली. एक, आमच्या घराण्यात सगळे नव्वदी गाठून जातात. दोन, मेल्यावर मिळणाऱ्या पैशाचा मला काय उपयोग. आणि तिसरं माझ्या बॉनेटवर थाप मारून, “हा काय, माझा विमा इथे उभा आहे.” वाकड्याचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग एक काम असं आलं की मालकाची तिन्ही उत्तरं संपली.

एका बाईचं घर हलवायचं होतं. नवरा मालकाच्याच वयाचा, रंगाचं दुकान होतं, एका सकाळी दुकानाचं शटर वर करता करता गेला. मागच्यांसाठी काही करून ठेवलेलं नव्हतं. चार खोल्यांतून बाई एका खोलीत निघाली होती. धाकटीने आदल्या दिवशी जाऊन माप घेतलं आणि परत येऊन नकाशा काढायला लागली, तर चौकोन संपतच नव्हते आणि खोली संपली होती. दुसऱ्या दिवशी जेवणाचं टेबल त्या खोलीच्या दारातून आत जाईना. खरं तर दारातून गेलं असतं, आत ठेवायला जागा नव्हती. बाईंनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “राहू द्या. बाहेरच ठेवा.” तिथेच ठेवलं, भिंतीला लावून. परत येताना, घर जवळ आल्यावर धाकटी म्हणाली, “बाबा, त्यांची मुलं आता जेवायला कुठे बसतील?” मालकाने मला दारात लावलं आणि बसल्या जागेवरून वाकड्याला फोन केला. “उद्या ये,” म्हणाला.

मालकिणीने त्या दिवशी मला फडक्याने पुसलं. एरवी ती माझ्या वाटेला जात नसे.

वाकड्या आला, सगळं ठरलं. या वयात विमा उतरवायचा म्हणजे आधी डॉक्टरकडून तपासणी. मालक मला घेऊनच गेला. जाताना शीळ घालत होता. आला तेव्हा केबिनचं दार इतक्या जोरात लावलं की आरसा हलला. रक्तदाब वाढलेला निघाला होता. गोळ्या रोज, वजन कमी, आणि विमा मिळेल पण हप्ता जादा पडेल.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, तुम्हाला हे कळायचं नाही. तुमचं वय वाढलं की घरचे कौतुक करतात. चाळिशी उलटलेल्या माणसाला कुणी जुना म्हटलं की त्याचं टाळकं सरकतं. मालक धुमसत होता. वाकड्या माझ्या मागच्या फळकुटावर टेकून बसला होता, आणि त्या दोघांचं बोलणं मला अजून पाठ आहे.

“चार मजले कपाट घेऊन चढतो मी. तो डॉक्टर स्वतःची पिशवी उचलायला माणूस ठेवतो. आणि मला म्हणतो, जपा.”

“मग जप.”

“जादा हप्ता कशाचा? मी काय मोडकळीला आलोय?”

वाकड्याने शांतपणे विचारलं, “जुन्या कपाटाला तू भाडं जादा घेतोस का नाही?”

“घेतो.”

“का?”

“सांधे सुटतात. जास्त जपावं लागतं.”

“मग?”

मालकाने पायाने माझं चाक दाबून पाहिलं. मग म्हणाला, “मी कपाट आहे का?”

पण त्याला ते पटलं होतं, हे मला त्याच्या गाडी चालवण्यावरून कळलं. दुसऱ्या दिवशी मालकिणीला बाजारातून आणताना तो वळणं सावकाश घेत होता. ती म्हणाली, “अहो, मला त्या पैशांची हाव नाही. तुम्ही जिना चढता तेवढा वेळ माझा श्वास कोंडतो. रात्री अंग टाकल्यावर तरी झोप लागू दे मला. एवढ्यासाठी म्हणते.” तो म्हणाला, “अगं भरतो. पुढच्या महिन्यात पहिला हप्ता भरतो, झालं?” त्याने खरोखरच तेवढे पैसे बाजूला काढले आणि पाकीट मालकिणीच्या हातात दिलं. ते पाकीट तिने खोळींच्या कपड्याखाली ठेवलं होतं.

त्याच महिन्यात मी धूर ओकायला लागलो.

माझी त्यात काही चूक नाही. माझंही वय झालं होतं, आणि मला कुणी गोळ्या लिहून दिल्या नव्हत्या. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, ऐकलं, तेल बोटावर घेऊन पाहिलं आणि म्हणाला, “नुसत्या डागडुजीने भागायचं नाही. इंजिन पूर्ण उतरवून करावं लागेल.” घोडं अडलं ते तिथे. एका बाजूला मी उघडा पडलेलो, दुसऱ्या बाजूला ते पाकीट.

आमच्या अंगणात चौघं उभे होते. मालक, मालकीण, धाकटी आणि वाकड्या.  सगळ्यांना माहीत होतं काय होणार आहे.

“थोरला चालला तर घर चालेल,” मालक म्हणाला. “हा बंद पडला तर पुढचे हप्ते तरी कुठून भरू?”

“आणि तू बंद पडलास तर थोरल्याला चालवणार कोण?” वाकड्याने विचारलं.

“तू आहेस ना,” असं म्हणून मालक हसला. वाकड्याच्या पाठीवर हात मारायला गेला आणि पाठ आठवून हात खांद्यावर ठेवला.

धाकटी म्हणाली, “बाबा, दोन्ही नाही का होणार?” मालक म्हणाला, “होईल की. आधी हे, मग ते. पुढच्या वर्षी.” मालकीण आत गेली, पाकीट घेऊन आली आणि त्याच्या हातावर ठेवलं.  मूग गिळून बसणं तिला लग्नानंतर शिकावं लागलं होतं.

इथवर मी मालकाला दोष देत नाही. अडलेला माणूस आणखी काय करणार? मला राग येतो तो पुढचा. इंजिन झालं, मी पुन्हा वाघासारखा धावायला लागलो, कामं आली, पैसे आले. मग माझ्यासाठी नवी ताडपत्री आली. मग नवा हॉर्न, लांब आवाजाचा. मग मला अंगभर निळा रंग दिला आणि कपाळावरचं नाव पिवळ्या अक्षरांत नव्याने काढून घेतलं. वाकड्या यायचा, नवा रंग बघायचा, चहा प्यायचा. मालक म्हणायचा, “अरे आता तब्येत एकदम ठणठणीत आहे. गोळ्यासुद्धा सोडल्या.” विम्यापुरता रक्तदाब आणि विमा पुढे ढकलल्यावर रक्तदाबही पुढे ढकललेला, असा सगळा मामला होता. पैसे नव्हते म्हणून विमा राहिला असं पुढे सगळे म्हणत आले. खोटं आहे ते. जुन्या माणसाचा हप्ता भरायचा म्हणजे आपण जुने झालो हे कबूल करायचं. त्यापेक्षा टेम्पोला रंग देणं बरं वाटतं.

माझा विमा मात्र त्याही वर्षी वेळेवर उतरवला.

पुढच्या उन्हाळ्यात, धाकटीच्या सुट्टीत, आम्ही एका शिक्षकाच्या घरचं सामान घेऊन निघालो होतो. सकाळची वेळ. मागे पुस्तकांची खोकी आणि एक भलामोठा आरसा, उभा, ब्लँकेटात. हमाल पुढे रिक्षाने गेले होते. उतारावर मालकाने धाकटीला विचारलं, “आरसा नीट बांधलाय ना?” ती म्हणाली, “मी स्वतः बघितलाय.” मग तो म्हणाला, “जरा थांबतो.” त्याच्या हाताला सुटलेला घाम मला स्टिअरिंगवर लागला.

त्याने घाईने ब्रेक मारला नाही. बाजूचा दिवा लावला. मागून येणाऱ्या बसला पुढे जाऊ दिलं. मला रस्त्याच्या कडेला झाडाखाली घेतलं, चाकं सरळ केली, गिअर काढला, हॅण्डब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. किल्ली काढून धाकटीच्या हातात दिली. “आईला फोन लाव,” म्हणाला. आणि पुढे झुकला.

त्याचं कपाळ हॉर्नवर पडलं. तो नवा, लांब आवाजाचा हॉर्न. किल्ली काढली तरी वाजणारा, कारण त्याची तार मालकाने थेट बॅटरीला जोडून घेतली होती. पोरीने त्याचं डोकं दोन्ही हातांनी उचलून सीटला टेकवेपर्यंत तो वाजत राहिला. मित्रांनो, तुम्ही ‘पों पों’ करता तेव्हा मी का गप्प असतो ते आता तुम्हाला कळलं असेल.

मागे बांधलेल्या आरशाला ओरखडाही आला नव्हता. शिक्षकाने नंतर स्वतः येऊन तसं सांगितलं, आणि हे सांगताना त्याला आपण काय सांगतो आहोत ते कळलं, तो मध्येच थांबला.

काही दिवसांनी वाकड्या आला. माझ्या केबिनच्या खणातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि फळकुटावर बसून कागद पुन्हा पुन्हा वाचला. तो कागद त्यानेच भरलेला होता, त्यात काय आहे ते त्याला तोंडपाठ होतं. मालकीण दारात उभी होती.

“काहीच नाही?” तिने विचारलं.

“गाडीचा आहे,” वाकड्या म्हणाला. “त्यात चालकासाठी आहे थोडंफार, वहिनी. पण अपघात झाला तर. गाडी ठोकून गेला असता तर काहीतरी हाती लागलं असतं. हा तर... नीट कडेला घेऊन...” त्याने कागदाची घडी घातली.

मालकीण माझ्याकडे बघत होती. निळा रंग, पिवळी अक्षरं, कुठे पोचा नाही. ती म्हणाली, “जन्मात एकदा तरी वेडीवाकडी चालवायची होती त्यांनी.”

हे वाक्य ऐकल्यापासून मला कुणाचं कौतुक गोड लागलेलं नाही.

त्यानंतर थोरल्याने काय दिवे लावले तेही ऐका. मालकिणीने पगारावर एक चालक ठेवला. तो जड सामान मागे लावायचा आणि काचा आडव्या टाकायचा. गिऱ्हाइकं नाव ऐकून यायची आणि फुटलेली बशी दाखवून जायची. दुसरा ठेवला, तो डिझेल विकायचा. माझं इंजिन उत्तम होतं, माझी ताडपत्री नवी होती, आग, चोरी, पूर, दंगल सगळ्यांपासून मी सुरक्षित होतो, आणि त्या घराला मी एक वर्षही तारू शकलो नाही. ज्याला सगळे घराचा आधार म्हणत होते तो दारात उभा राहून नुसता जागा अडवत होता.

मग एका सकाळी धाकटी खडू घेऊन माझ्या आत चढली. आता घर त्यांचंच हलवायचं होतं. तीन खोल्यांतून एका खोलीत. ती आदल्या दिवशी जाऊन माप घेऊन आली होती. तिने चौकोन काढायला सुरुवात केली: कपाट, पलंग, आईचं शिलाई मशीन, स्वयंपाकघराचं खोकं शेवटी. काही चौकोन काढले आणि तळव्याने पुसले. नकाशे काढायच्या शिक्षणाचं नाव तोवर त्या घरात कुणी काढेनासं झालं होतं. शेवटी तिने केबिनचे दोन चौकोन काढले, आणि सवयीने एकात ‘बाबा’ असं लिहिलं. लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. खडू हातात धरून ती तशीच उभी राहिली. पुसायला हात वर केला आणि खाली घेतला.

गाडी चालवायला वाकड्या आला होता. चालकाला द्यायला पैसे नव्हते, आणि ‘तू आहेस ना’ असं मालक त्याला सांगून गेला होता. दर खड्ड्याला त्याच्या पाठीत कळ यायची, तो दात आवळायचा आणि मी जमेल तितका हळू चालायचो. चढण्याआधी त्याने आत डोकावून नकाशा पाहिला. ‘बाबा’ लिहिलेल्या चौकोनाकडे बघितलं. मग त्याच चौकोनात येऊन बसला.

पुढच्याच आठवड्यात मला विकलं. या वखारीचा मालक मला बघायला आला, तेव्हा मालकीण त्याला सांगत होती, “इंजिन नवं केलेलं आहे.” तो चाकाला पाय लावून म्हणाला, “इंजिन नवं असेल ताई, पण गाडी जुनी आहे. जुन्याला किंमत कमी.” ती हसली. खरोखर हसली, पण ते हसू बघून वखारवाला गडबडला. जिथे जुन्यासाठी जास्त भरायचं होतं तिथे मालक रुसून बसला, आणि जिथे जुना म्हणून कमी मिळालं तिथे ही उभी होती. मी ओंडके वाहिले, फळ्या वाहिल्या, मग त्या नव्या इंजिनानेही मान टाकली आणि मी इथे आलो.

धाकटी आता समोरच्या रस्त्यावरून रोज जाते. शर्ट घड्या घालून खोक्यात भरायच्या शेडमध्ये तिला काम आहे. सोबतच्या मुलींशी बोलत जाते. इकडे मान वळवत नाही. मी तिच्या जागी असतो, तर अशा थोरल्या भावाकडे मीही वळवली नसती.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी शिकवण द्यायची पद्धत आहे. मी देत नाही. तुमच्यापैकी कुणाला वाटलं तर घरी जाऊन वडिलांना विचारा, आईला विचारा, की तुमचा स्वतःचा विमा उतरवला आहे का. ते हसतील. म्हणतील, घर आहे ना, दुकान आहे ना, तुम्ही आहात ना. माझा मालकही हसायचा. तेव्हा फार हट्ट धरू नका, फक्त एकदा इकडे फिरायला घेऊन या आणि कोंबड्या दाखवा.

मला स्वतःला आजवर काहीच झालं नाही. आग लागली नाही, पूर आला नाही, चोराने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

एकच मागणं आहे. तुम्ही माझ्या पोटात खेळता, उड्या मारता, पत्र्यावर खडूने रेघोट्या मारता, ते खुशाल करा. पण केबिनच्या पाठीला, डाव्या कोपऱ्यात, कोंबड्यांनी घाण केली आहे तिच्या वर, एक जुना नकाशा आहे. काल तुमच्यातल्या एकाने त्याच्यावर बाही घासली आणि शिलाई मशीन पुसलं गेलं. त्याच्या शेजारच्या चौकोनाला हात लावू नका. ते ‘बाबा’ अक्षर पुसलं गेलं, तर मालकाच्या नावाचं मागे दुसरं काहीच उरणार नाही.